कोल्हापुरातल्या घराचं वीजबिल उतरवायचं तर: आधी मीटर, मग अंघोळीचं पाणी, मग स्लॅब, आणि सोलर सगळ्यात शेवटी

दोन वर्षांपूर्वी एप्रिलचं बिल आलं तेव्हा त्यावर २७२ युनिट होते. घरात माणसं पाच, एसी नाही. घर मंगळवार पेठेतलं: पुढची बाजू जुनी, कौलारू, वर माळा, मागे नंतर बांधलेल्या दोन खोल्या, स्लॅबच्या. बिल बघून पहिला विचार आला तो सोलरचाच. एकाला बोलावलं, त्यानं गच्चीवर टेप लावला आणि लगेच ३ किलोवॅटचा आकडा सांगितला. घरात वीज कुठं जाते हे त्यानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी आम्हाला सांगता आलं नसतं. म्हणून ते काम थांबवलं आणि आधी घर तपासलं. आज त्याच घरात महिन्याला १५० च्या आत युनिट पडतात. ज्या क्रमानं आम्ही गेलो तोच पुढं देतेय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पायरीनंतर पुढच्या पायरीचा खर्च कमी होतो.

बिल नीट वाचा

महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क असे भाग असतात. स्थिर आकार काही केलं तरी द्यावाच लागतो. आपल्या हातात आहेत ते युनिट. घरगुती वीज आकाराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढं असे आहेत, आणि शंभरानंतर दर दुपटीच्या आसपास जातो. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून आपल्या ताज्या बिलावरचेच धरा.

यातून एक गोष्ट निघते. आपण वाचवतो तो युनिट खालच्या स्वस्त टप्प्यातला नसतो, वरच्या महाग टप्प्यातला असतो. २७२ युनिट वापरणाऱ्यानं ५० वाचवले, तर ते सगळे दुसऱ्या टप्प्यातून कमी होतात. सरासरी दर काढून हिशेब केला तर फायदा आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे आकडे असतात. ते एका वहीत उतरवा. उन्हाळ्यात फुगवटा असेल तर पंखे आणि छत बघायचं, थंडी-पावसात असेल तर गरम पाणी. बाराही महिने सारखाच वापर असेल तर सतत चालू राहणारं काहीतरी आहे.

मीटरसमोर पंधरा मिनिटं

आमच्या वायरमननं शिकवलेली ही युक्ती. तो म्हणाला, "वहिनी, आतली सगळी बटणं बंद करा आणि बाहेर मीटरपाशी या. मेन स्विच मात्र चालूच राहू दे."

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे, तुमच्यावर वेगळा आकडा असू शकतो. ३२०० असेल तर मिनिटाला एकदा लुकलुकणं म्हणजे साधारण १९ वॅट. एक जुना पंखा लावला की मिनिटात चारदा. २००० वॅटचा गिझर लावला की शंभराच्या वर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा. मोजता मोजता चुकायला होतं.

सगळं बंद होतं तरी आमचा दिवा मिनिटाला दोनदा लुकलुकत होता. आम्ही दोघं घड्याळ बघत उभे, आणि आत्या (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो) आतून एकेक प्लग काढत होत्या. टीव्ही काढला, काही फरक नाही. मग कपाटामागचा जुना इन्व्हर्टर आठवला. त्याचा प्लग ओढल्यावर दिवा थांबला. बॅटरी कधीच म्हातारी झाली होती, पाणी आटलेलं, चार्ज धरत नव्हती, आणि इन्व्हर्टर रात्रंदिवस तिला चार्ज करत बसला होता. ३७ वॅट, चोवीस तास, तीस दिवस: महिन्याला २७ युनिट. त्यातून कधी एक दिवासुद्धा लागला नव्हता.

हे तुम्हीही करा. सगळं बंद करून दिवा थांबतो का बघा. थांबला नाही तर एकेक प्लग काढा. सगळे प्लग काढूनही थांबत नसेल तर वायरिंगमध्ये गळती असू शकते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, तेव्हा हा संशय आणखी पक्का. अशा वेळी स्वतः काही उघडू नका, वायरमनला बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या. तो वीज वाचवत नाही, जीव वाचवतो.

मग एकेक वस्तू लावून प्रत्येकीचे वॅट काढा. हिशेब सोपा आहे: वॅट गुणिले तास, भागिले १००० म्हणजे युनिट. आमचा तक्ता साधारण असा निघाला: चार पंखे ९०, अंघोळीचं पाणी ६०, फ्रिज ४०, इन्व्हर्टर २७, टीव्ही-सेटटॉप बॉक्स-वायफाय २०, दिवे १८, पाण्याची मोटर १५. मिक्सर, इस्त्री असं किरकोळ वेगळं. मिक्सरचा आवाज मोठा म्हणून आम्ही त्यालाच धरत होतो. तो महिन्याला एखाद-दोन युनिटसुद्धा घेत नव्हता.

अंघोळीचं पाणी

पाणी तापवायला किती वीज लागते हे ठरलेलं आहे. कुठल्याही कंपनीच्या गिझरला त्यात सूट नाही. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो, उन्हाळ्यात त्याहून थोडा कमी. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की ८० लिटर सहज जातात, म्हणजे चार बादल्या. म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा: गरम पाण्याची अंघोळ बादलीनं. त्यात कुणाचं काही कमी होत नाही.

दुसरा उपाय गिझरच्या बटणाचा. टाकीचा गिझर पाणी तापवून थांबतो, पण पाणी निवत राहतं आणि तो पुन्हा पुन्हा तापवत राहतो. अंघोळी एकामागून एक उरका आणि शेवटच्या माणसानं बटण बंद करायचं. तापमानाचं बटण असेल तर ५५ च्या आसपास ठेवा. ७० अंशांचं पाणी करून त्यात पुन्हा गार पाणी मिसळण्यात काही अर्थ नाही. बोअरचं पाणी वापरत असाल तर कॉइलवर चुन्यासारखा थर बसतो. दोन वर्षांतून एकदा उघडून साफ करून घ्या.

तिसरा उपाय सोलर वॉटर हीटर, आणि कोल्हापुरातल्या स्वतंत्र घराला माझ्या मते हीच पहिली खरेदी असावी, सोलर पॅनेलच्याही आधी. १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला विजेवर चार युनिट लागतात. उन्हाच्या दिवशी हे काम फुकट होतं. तीन-चार माणसांना बादलीच्या अंघोळीसाठी १०० लिटरचा पुरतो, आम्ही पाच जणांसाठी १५० लिटरचा घेतला. घेताना तीन गोष्टी बघा. बोअरचं जड पाणी असेल तर काचेच्या नळ्यांत क्षार साठतात, तसं दुकानदाराला आधीच सांगा. टाकीपासून न्हाणीपर्यंतचा पाइप जितका आखूड तितकं बरं. लांब असेल तर त्यावर इन्सुलेशन चढवा, नाहीतर रोज सकाळी अर्धी बादली गार पाणी ओतून द्यावं लागतं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा गिझर लागणारच. तो काढून टाकू नका.

आत्यांचा तांब्याचा बंब अजून माळ्यावर आहे. करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्यांवर पाणी छान तापतं, आणि मोकळं अंगण असेल तर पावसाळ्यात तो जरूर वापरा. पण बंद न्हाणीत बंब पेटवू नका. गॅस गिझरचंही तेच. त्याच्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही आणि रंगही नाही. गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर, वाहत्या हवेतच हवा.

स्लॅब आणि कौलं

मेमध्ये रात्री दहा वाजता स्टुलावर चढून मागच्या खोलीच्या छताला हात लावला होता. नुकतीच इस्त्री फिरवलेल्या कापडासारखं ऊबदार लागलं. सूर्य मावळून तीन तास झाले होते आणि बाहेर गार वारा सुटला होता. पुढच्या कौलारू खोलीत मात्र पंखा दोनवर ठेवून झोप लागायची. कौलं तापतात तशी निवतातही लवकर, आणि मध्ये माळ्याची हवा असते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो.

कोल्हापूर १६.७ अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली पडत नाही. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भिंतींपेक्षा छतावरच जास्त ऊन कोसळतं. एसीचा विचार करण्याआधी छत बघा असं म्हणते ते यासाठीच.

सगळ्यात स्वस्त काम चुन्याचं. शिमगा झाला की गच्ची झाडून, शेवाळ खरवडून, पाण्यानं धुऊन वाळू द्या. चुन्याची भुकटी प्लास्टिकच्या पिंपात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून घ्या, त्यात चिकटपणासाठी फेव्हिकॉल मिसळा आणि रुंद ब्रशनं दोन हात द्या, दुसरा हात पहिल्याला आडवा. हातात मोजे आणि डोळ्याला चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. काम पहाटे किंवा संध्याकाळी करा. तापलेल्या स्लॅबवर चुना धरत नाही, पापुद्रे सुटतात. आपल्या पावसात हा चुना टिकत नाही, दरवर्षी द्यावा लागतो. त्यापेक्षा टिकाऊ म्हणजे ऊन परतवणारा पांढरा रंग, आणि त्याहून टिकाऊ पांढऱ्या चायना मोझॅकच्या फरशा. गच्ची गळतच असेल आणि वॉटरप्रूफिंग करायचंच असेल, तर त्याच खर्चात वर पांढरा मोझॅक घ्या.

आपल्याकडं गळतीच्या त्रासानं बऱ्याच घरांवर स्लॅबच्या वर पत्र्याचं शेड असतं. ते उत्तम दुहेरी छप्पर आहे, पण चारही बाजू मोकळ्या असतील तरच. कडेनं पत्रे लावून बंद केलं की मधली हवा कोंडते आणि खालचा स्लॅब तसाच तापतो. शेडनेट लावणार असाल तर वळवाचा वारा लक्षात ठेवून बांधा. एप्रिलमधला एक वळीव ढिलं बांधलेलं नेट शेजाऱ्याच्या गच्चीवर नेऊन टाकतो.

कौलारू खोलीत माळ्याच्या तिकोन्यातला झरोका अडगळीनं बुजलेला असतो. तो मोकळा करा, गरम हवा तिथूनच बाहेर जाते. आणि स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागत असेल तर एक-दोन कौलांच्या जागी काचेची कौलं बसवा. आमच्याकडं एका कौलानं सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंतचा दिवा बंद झाला. ओट्यावर उन्हाचा चौकोन पडतो आणि दिवसभर सरकत जातो. आत्या त्यावरून वेळ सांगतात.

खिडक्यांचं साधं आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खिडक्या आणि पडदे बंद, सूर्य कलला की सगळं उघडं. कोल्हापूरची रात्र गार होते, हे आपलं भाग्य आहे, ते वापरा. डासांमुळं खिडक्या बंद ठेवत असाल तर जाळ्या लावून घ्या. जाळीचा खर्च एका पंख्यापेक्षा कमी येतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिकाचा पडदा लावा. ऊन काचेच्या आत आल्यावर अडवून फारसा उपयोग होत नाही.

पंखे, फ्रिज, एसी

नवी वस्तू घेताना मी एकच प्रश्न विचारते: ही वर्षाला किती तास चालणार?

पंखा आपल्याकडं जवळपास वर्षभर फिरतो. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या नव्या मोटरचा पंखा) ३० च्या आसपास. रोज १२ तास धरले तर एका पंख्यामागं महिन्याला १६ युनिट वाचतात. सगळे एकदम बदलू नका, ज्या खोलीत झोपता तिथला आधी. बसवताना जुना रेग्युलेटर काढून वायर थेट जोडायला सांगा, बीएलडीसी पंख्याला तो चालत नाही. पंखा बदलायचा नसेल पण भिंतीवर जुना डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर निदान तो तरी बदला. त्यात पंखा हळू केला की उरलेली वीज उष्णता होऊन जाते. हात लावून बघा, गरम लागेल. पावसाळ्यात ओले कपडे रात्रभर पंख्याखाली पसरण्याची सवयही महाग पडते. पत्र्याच्या शेडखाली दोरी बांधा.

फ्रिज ८७६० तास, म्हणजे अख्खं वर्ष, जोडलेला असतो. म्हणून स्टारसाठी जास्त पैसे द्यायचे तर इथं द्या. स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. नुसते स्टार मोजू नका, तो आकडा वाचा, कारण स्टारचे निकष मधून मधून कडक होतात आणि जुना पाच स्टार नव्या पाच स्टारइतका नसतो. असलेल्या फ्रिजसाठी दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून बघा. दार बंद असताना नोट सहज निघाली तर रबर गेलं. ते बदलून मिळतं. मागं वीतभर जागा सोडा, जाळीवरची धूळ झाडा, बर्फाचा थर बोटभर झाला की काढा.

एसीचं उलट आहे. कोल्हापुरात बहुतेक घरांत तो जेमतेम दोन महिने लागतो. साठ रात्रींसाठी पाच स्टारचे जादा पैसे लवकर वसूल होत नाहीत. तीन स्टारचा इन्व्हर्टर एसी पुरतो, वाचलेले पैसे छतावर घाला. २६ अंश आणि सोबत हळू पंखा हे २२ पेक्षा सुखाचं आहे. तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २०२० पासूनच्या एसींना चालू करताक्षणी २४ अंशांवर येण्याचा नियम त्यातूनच आला.

दिव्यांचं फार सांगायला नको. कुठं जुनी चोकवाली ट्यूब राहिली असेल तर २० वॅटची एलईडी लावा. सेटटॉप बॉक्स रात्री भिंतीवरच्या बटणापासून बंद करा; १० वॅटप्रमाणं चोवीस तासांचे महिन्याला सात युनिट होतात.

मोटरकडं दुर्लक्ष होतं. एक अश्वशक्तीची मोटर तासाला सुमारे एक युनिट घेते. पूर्वी टाकी भरायला वीस मिनिटं लागायची आणि आता पस्तीस लागत असतील, तर फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) किंवा इंपेलर (मोटरमधलं पाणी ढकलणारं चक्र) बघून घ्या. उद्यमनगरात मोटरचं कुठलंही काम होतं, पण तीच मोटर तीन-चारदा रिवाइंड केलेली असेल तर ती वीज जास्त खाते. अशा वेळी नवी घेणं परवडतं. टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट टाकीत बसवा.

आणि प्लगमध्ये खोचायचं "वीज बचत यंत्र" घेऊन कुणी दारात आलं तर घेऊ नका. घरगुती बिल युनिटवर होतं, त्या डबीनं युनिट कमी होत नाहीत.

आता सोलर

हे सगळं केल्यावर आमचा वापर १५० च्या आत आला. १ किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. जिथं ३ किलोवॅट सांगितले होते तिथं दीड पुरले. नेट मीटरिंगमध्ये (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत) जास्तीची वीज महावितरणकडं जमा होते, पण वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर तुटपुंजा असतो. गरजेपेक्षा मोठं सोलर बसवून कमाई होत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, वीजजोडणी स्वतःच्या नावावर हवी, आणि पॅनेल देशात बनलेल्या सेलचेच लागतात. पेठेतल्या जुन्या घरांची जोडणी बऱ्याचदा आजोबांच्या नावावर असते. ते नाव बदलण्यात वेळ जातो, म्हणून तेवढं काम आजच सुरू करा.

जागा साधारण १०० चौरस फूट प्रति किलोवॅट, तोंड दक्षिणेला. सावली डिसेंबरात तपासा, मेमध्ये नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथं भर दुपारीसुद्धा सूर्य ५० अंशांवरच असतो, त्यामुळं दक्षिणेला दहा फूट उंच टाकी असेल तर तिची सावली आठ-साडेआठ फूट येते, सकाळी-संध्याकाळी आणखी लांब. दाटीच्या गल्लीत शेजारी मजला चढवणार आहे का, हेही विचारून घ्या. फेब्रुवारी ते मे पंधरा दिवसांनी सकाळी पॅनेल धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. पावसाळ्यात पाऊसच धुतो.

बसवणाऱ्यानं आम्हाला न सांगितलेली एक गोष्ट: बॅटरी नसलेलं साधं सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लाइट गेल्यावर पंखा-दिवा हवा असेल तर छोटा इन्व्हर्टर वेगळा ठेवा. पंखे बीएलडीसी असले की तीच बॅटरी दुप्पट पुरते. तुमचं घर २०१९ किंवा २०२१ च्या पुराच्या पाण्यात आलं असेल, तर बॅटरी, सोलरचा इन्व्हर्टर आणि तळमजल्याचे प्लग त्या वेळच्या खुणेच्या वर हातभर घ्या. शाहूपुरीतल्या आमच्या नणंदेच्या घरी भिंतीवर ती खूण अजून आहे. सोलरचा इन्व्हर्टर त्यांनी जिन्याच्या वळणावर, तिच्या चार फूट वर बसवला.